न दुखणाऱ्यांनी आधी यावे

माझं अक्षर चांगलं आहे. हे मला मुद्दाम सांगावं लागू नये, कारण अमडापुरात त्या काळी ज्या ज्या भिंतीवर काही लिहिलेलं होतं ते बहुतेक मीच लिहिलेलं होतं. देवळात 'पादत्राणे बाहेर', बाजारात 'इथे बैल बांधू नयेत', आणि शाळेत तर सगळंच, कारण मी शाळेचा मास्तर. पाटी लिहून देण्याचं मी काही घेत नसे. फक्त दिलेल्या मजकुरात जाता जाता थोडी सुधारणा करत असे. लोकांना नीट लिहिता येत नाही, आपल्याला येतं, मग आपणच सांभाळून घ्यावं, असा माझा उदार विचार.

तशीच एक सुधारणा मी डॉक्टरांच्या पाटीत केली.

डॉक्टर म्हणजे पेन्शनीत निघालेले सरकारी डॉक्टर. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. बदलीचा हुकूम नागपुराहून सुटे आणि माणूस कुठल्या कुठे जाऊन पडे. यांची सगळी नोकरी अशी मेळघाटापासून वैनगंगेपर्यंत घरंगळत गेली, आणि शेवटी बायकोच्या माहेरगावी, म्हणजे आमच्याकडे, येऊन थांबली. बाजाराच्या तोंडाशी दोन खोल्या घेऊन त्यांनी दवाखाना काढला. दवाखान्यात औषध जवळजवळ नव्हतंच. लोक लाल पाण्याच्या बाटलीच्या आशेनं येत आणि रिकाम्या हातानं, वर बोलणी खाऊन परत जात.

"खोकला हाय? गरम पाणी पी. उद्या जाईल. मले काऊन दाखवून राह्यला?" असं म्हणून ते त्या माणसाला हाकलायचे, आणि तो दारापर्यंत पोचला की ओरडायचे, "थांब. तोंड उघड."

तोंड ही त्यांची खास आवड. काळ्या कोटाच्या खिशात न्हाव्याचा एक गोल आरसा असे. माणसाला उन्हात उभा करायचा, आरशानं सूर्याची तिरीप त्याच्या गालात सोडायची आणि बैलाचे दात पाहणाऱ्या दलालासारखं आत पाहायचं. आमच्याकडे दोन माणसं भेटली की आधी चंची सुटते, तंबाखूत चुना मळला जातो, तो बार गालात बसतो आणि मगच रामराम होतो. डॉक्टरांच्या हिशेबी गावातला प्रत्येक पुरुष त्या एका जागेवर वर्षानुवर्षं चुना लावून घर बांधत होता, आणि त्या घरात राहायला कोण येणार हे फक्त त्यांनाच ठाऊक होतं. संक्रांतीला सगळे त्यांच्याकडे तिळगूळ द्यायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "तिळगूळ घ्या, तोंड उघडा." अकरा प्रतिष्ठित माणसं त्या दिवशी त्यांच्या ओट्यावर आ करून उभी होती. मी बारावा. मी पोटाचं निमित्त काढून निसटलो, कारण माझ्या डाव्या गालात त्या वेळीही बार होता.

रोगाचं नाव ते इंग्रजीत क्यान्सर असं घेत. गावाला त्यासाठी शब्द नव्हता. 'वाईट गाठ' म्हणत, किंवा काहीच म्हणत नसत, नुसता हात वर करत. डॉक्टर सांगत की हा खेकडा आहे. मधे अंग असतं आणि चारी बाजूंना नांग्या रुतवतो. झालं, गावानं त्यांना 'खेकडे डॉक्टर' करून टाकलं.

"त्याची घरं ठरलेली असतात, मास्तर," ते मला शिकवत. माझ्याशी बोलताना ते पुस्तकी बोलत, रागावले की वऱ्हाडीत येत. "तंबाखूवाल्याचा गाल. बाईची छाती. बाईचं गर्भाशय. अन्ननळी, जठर. आणि आपल्या लोकांचं एक खास घर, धोतराची कंबर. जन्मभर त्याच जागी करकचून आवळायचं. कातडी काळी पडते, चिरते, आणि एक दिवस भरायचं नाव घेत नाही."

हे ऐकल्यापासून मी धोतर सैल नेसू लागलो. वर्गात ते एकदा सुटलं, पण तो विषय वेगळा.

त्यांचं मोजमाप बाजाराचं होतं. महिना, पंधरवडा असं सांगितलं तर लोक विसरतात, आठवड्याचा बाजार कोणी विसरत नाही. म्हणून, "आधी नव्हतं असं काही अंगावर आलं आणि तीन बाजार झाले तरी गेलं नाही, तर ये." गाठ असो, फोड असो, आवाज बसलेला असो, की बाईचं वय होऊन बंद झालेलं पुन्हा दिसू लागलेलं असो. ही शेवटची गोष्ट अर्थातच त्यांना कोणी सांगत नसे. ती त्यांच्या बायकोला, काकूंना, मागच्या दारी सांगितली जाई. काकू नऊवारीत, कपाळभर कुंकू, चार इयत्तासुद्धा शिकलेल्या नव्हत्या. पण चाळीस वर्षं नवऱ्याच्या पाठीमागे राहून त्यांची बोटं शिकली होती. बायकांना पडद्याआड त्याच तपासत आणि बाहेर येऊन दोन शब्दांत सांगत. निदान काकूंचं, नाव डॉक्टरांचं. डॉक्टर हे स्वतःच सगळ्यांना सांगत, त्यामुळे ते कोणालाच खरं वाटत नसे.

पंगतीत त्यांच्या शेजारी बसायला लोक घाबरत. ते जेवत नसत, जेवणाऱ्यांचे गळे पाहत. एका लग्नात समोरच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला त्यांनी भर पंगतीत विचारलं, "बाबा, दिवाळीले तुम्ही भाकर कोरडी खात होते. मंग कालवून खाऊ लागले. आज नुसती कढी पिऊन राह्यले. घास कुठीसा अडकते?"

म्हाताऱ्यानं छातीवर बोट ठेवलं. नवरदेवाच्या बापानं मात्र कपाळावर हात ठेवला. लग्नात असं अभद्र बोलतात का, म्हणून पुढे डॉक्टरांना आमंत्रणं येईनाशी झाली. म्हाताऱ्याच्या गळ्यात कोणीतरी गंडा बांधला. त्याच्या तेराव्याला मात्र डॉक्टरांना आमंत्रण होतं, आणि ते गेले नाहीत.

सगळ्यात गाजलं ते ग्रामसुधारणेच्या सभेतलं प्रकरण. लोकल बोर्डाचे एक सभासद आरोग्यावर बोलायला आले होते. मंडप माझ्या हातच्या सुविचारांनी सजलेला. सभासद शरीर हे मंदिर आहे असं सांगत होते, आणि मधूनमधून वाक्य तोडून मंडपाबाहेर पिचकारी टाकत होते. डॉक्टर पहिल्या रांगेतून उठले, आरसा काढला आणि सरळ व्यासपीठावर चढले.

"साहेब, जरा तोंड उघडा."

"मी भाषण करून राह्यलो ना, डॉक्टर."

"भाषण कानानं ऐकून राह्यलो मी. मले उजवा गाल पाहाचा हाय."

तिरीप सभासदांच्या तोंडात गेली. त्यांनी तोंड मिटलं, आणि सभाच मिटली. आभार मानण्याचं काम माझ्याकडे होतं. मी कोणाचे मानले ते मला आजही आठवत नाही.

तर अशा माणसानं पाटीचा मजकूर म्हणून एक चिठ्ठी पाठवली. तुरी फुलावर होत्या त्या दिवसांत. चिठ्ठीत होतं: 'ज्यांची गाठ दुखत नाही त्यांनी आधी यावे. ज्यांच्या तोंडातला फोड किंवा पांढरा डाग तीन बाजार झाले तरी जात नाही, त्यांनी आधी यावे. ज्यांना फार दुखते त्यांनी बसावे.' आणि वर खेकड्याचं चित्र काढावं.

मी चिठ्ठी दोनदा वाचली आणि हसलो. म्हातारा चळला, किंवा गडबडीत उलटं लिहून बसला. ज्याचं दुखतं तो बसणार आणि ज्याचं काहीच दुखत नाही तो आधी जाणार? लोक दगड मारतील. मी सांभाळून घेतलं. सुंदर बाळबोध अक्षरात लिहिलं: 'ज्यांना फार दुखते त्यांनी आधी यावे. ज्यांची गाठ दुखत नाही त्यांनी बसावे.' तोंडाच्या फोडाची ओळ जागा पुरेना म्हणून गाळली, कारण खेकडा जरा मोठा आला होता. खेकडा मात्र उत्तम साधला. पहिल्याच बाजारी एका माणसानं दारात येऊन खेकडे कसे दिले म्हणून विचारलं.

डॉक्टरांनी ती पाटी वाचलीच नाही. ते घरातून मागच्या दारानं दवाखान्यात यायचे आणि मागच्या दारानं जायचे. बाजाराच्या दिवशी पुढे गळवं, दाढा आणि ठणकणारे कान यांची रांग लागायची आणि ते कपाळ बडवायचे, "लोकायले कितीही सांगा, मास्तर. पाटी लावली तरी दुखणेकरीच पुढं घुसतात." मी मान हलवायचो. पाटी चांगली चालली आहे असं मला वाटायचं.

अशी ती तीन महिने चालली.

मग कापसाची शेवटची वेचणी सुरू असताना एका संध्याकाळी डॉक्टर आमच्याकडे चहाला आले. येताना त्यांची थैली घेऊन आले. ती थैली काकूंनी फलालीनची शिवलेली, मऊ कापूस भरलेली. त्या कापसात निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळ्या वस्तू दडवलेल्या. एक द्राक्ष होतं, ते सुकायच्या आत बदलत. उकडलेल्या बटाट्याचा तुकडा, मोत्याची गुंडी, आणि एका जागी कापसाला टाके घालून पक्का केलेला चिंचोका. ही थैली पुढच्याच्या हातात देऊन डोळे मिटायला लावायचे आणि बोटानं ओळखायला सांगायचे, हा त्यांचा करमणुकीचा प्रकार.

"सरकते ती गाठ पाहुणी," ते मला म्हणाले. "तिलाही नाव-गाव विचारून घ्यावं, पण बहुधा ती निरुपद्रवी. आणि हा चिंचोका पाहा. टणक, कडा ओबडधोबड, जागचा हलत नाही. हा घरजावई. आणि दुखत नाही बरं. दुखणं हा सभ्य गृहस्थ आहे, मास्तर, तो दार वाजवतो. हा वाजवत नाही."

मी ऐकत होतो, आणि हे 'दुखत नाही' आपण आधी कुठेतरी वाचलं आहे असं वाटत होतं. पण चिठ्ठी आठवायच्या आत चहा आला. चहा दारातून आत सरकवणारा हात माझ्या बायकोचा. परक्या पुरुषासमोर ती येत नसे, पण दाराआडून सगळं ऐकत असे. डॉक्टर गेले, थैली विसरून गेले.

रात्रीची भाकर थापायची वेळ झाली तरी चुलीचा आवाज येईना म्हणून मी आत डोकावलो. ती चुलीपाशी बसली होती, मांडीवर थैली. बोटं कापसात रुतलेली.

"यातली ही एक," ती म्हणाली, "अशी माह्याजवळ हाय."

मी थैलीला हात लावला. चिंचोका होता.

"कुठं?"

तिनं पदराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही.

"कवापासून?"

"तुरीच्या फुलापासून."

"दुखते?"

"नाई. म्हनून तर."

"म्हनून काय? बोलली काऊन नाहीस?"

"कशी बोलू? काकूकडं गेली होती मी, एका बाजारी. मागच्या दारी जाताना पुढं तुमची पाटी दिसली. तुमी मले वाचाले शिकवलं ना, मी वाचली. न दुखनाऱ्यानं बसावं, लिवलं व्हतं. मी बसली ओट्यावर. आत लोक ओरडून राह्यले व्हते. वाटलं, ज्याचं दुखते त्याले जाऊ द्यावं. मंग संध्याकाळ झाली, म्हशीचं दूध काढाचं व्हतं. उठून आली. पुढच्या बाजारी पुन्हा गेली नाई. म्हटलं, मास्तरनं लिवलं, तर काई नसनच."

संपूर्ण अमडापुरात माझी पाटी मन लावून वाचणारं आणि तिच्यावर विश्वास ठेवणारं माणूस एकच होतं. त्याला अक्षरं मीच शिकवली होती.

त्याच पावली तिला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. काकू तिला आत घेऊन गेल्या. मी डॉक्टरांना सगळं सांगितलं: चिठ्ठी, सुधारणा, गाळलेली ओळ. बोलताना माझा आवाज परीक्षेला नापास झालेल्या पोरासारखा झाला होता. त्यांनी कंदील उचलला, पहिल्यांदाच पुढच्या दारानं बाहेर गेले, आणि कंदील वर धरून पाटी वाचली. सावकाश, शेवटपर्यंत. मला वाटलं आता ते ती माझ्या डोक्यात घालतील, आणि मी डोकं थोडं पुढे केलंही होतं.

"अक्षर फार सुंदर आहे," ते म्हणाले, आणि पाटी उतरवून आत नेऊन भिंतीकडे तोंड करून ठेवली.

यापेक्षा त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं.

काकू बाहेर आल्या. "बोराएवढी. अजून थोडी हलते. काखेत काही नाही लागत." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "उद्याच नागपूरला निघा. शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारत बसू नका. लेप नको, डागणं नको, गंडा नको."

गावानं काय काय सुचवलं ते सांगत नाही, फार होईल. सहकारी सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले की चाकू लावला की हा रोग रागावतो. त्यांनी कुठे वाचलं होतं म्हणे. मी एरवी मान हलवली असती, लिहूनही दिलं असतं. त्या दिवशी मी पहिल्यांदा कोणाच्या मजकुराला मान हलवली नाही.

डॉक्टर स्वतः बरोबर आले. मोटारीनं खामगाव, तिथून आगगाडी. जलंबला गाडी बदलायची होती. फलाटावर मी तिकिटं पुन्हा पुन्हा मोजत होतो, ती गाठोड्याला टेकून बसली होती, आणि डॉक्टर आरसा काढून हमालांची तोंडं पाहत होते. एका हमालाला विचारलं, "हे पांढरं कवापासून?" तो म्हणाला, "गाडी आली, साहेब." गाडी खरंच आली होती. डॉक्टर डब्याच्या खिडकीतून डोकं काढून त्याला ओरडत राहिले, "तीन बाजार. तीन बाजारानं नाही गेलं तर अमडापूरले ये." माझी बायको त्या दिवसांत तेव्हा एकदाच हसली. तोंडाला पदर लावून, पण खांदे हलत होते. तेवढ्यासाठी मी डॉक्टरांचा जन्माचा ऋणी आहे.

नागपुरात मोठ्या दवाखान्यात तिच्या छातीचा डावा भाग काढला. दीड महिना राहिलो. डॉक्टर पहिले आठ दिवस होते. रोज संध्याकाळी तिच्या खाटेपाशी यायचे आणि सांगायचे, "बाई, तुम्ही लवकर आलात." ते गेले की ती मला विचारायची, "लवकर?" तीन महिने आधीच येता आलं असतं, हे त्यांनाही माहीत होतं, तिलाही.

ती परत आली. पदर त्या बाजूला जरा जास्त ओढून घेऊ लागली, डाव्या हातानं विहिरीचं पाणी ओढेना, एवढंच. उलट तिचं गावातलं वजन वाढलं. बाजाराच्या दिवशी ती काकूंच्या पडद्यामागे जाऊन बसू लागली. घाबरलेल्या बायकांना आधी आपला व्रण दाखवायची, मग थैली हातात द्यायची. बायका रांगेत येऊ लागल्या. डॉक्टरांनी त्यांच्याकडचा जादा आरसा तिला दिला. तिचीही बोटं शिकत होती.

राहता राहिली पाटी. कितीतरी दिवस मी तिला हात लावला नव्हता. शेवटी पावसाळ्याआधी डॉक्टरांनी ती माझ्याकडे पाठवली, जुन्या चिठ्ठीसकट. मी पाटीबरोबर परत केलेली चिठ्ठी त्यांनी जपून ठेवली होती. मी अंगणात बाजेला टेकवून पाटी घासली, काळी केली आणि चिठ्ठीबरहुकूम, एक काना इकडचा तिकडे न करता, लिहिली. खेकडा लहान काढला. फोडाची ओळ पुरती मावली. लिहिताना, माझ्या नेहमीच्या सवयीनं, डाव्या गालात बार होता.

ओली पाटी ऊन खात होती. मी बायकोला हाक मारली. आता तिनं वाचून पास केल्याशिवाय मी कुठलीच पाटी लावत नसे. ती आली, हवेत बोट फिरवत वाचू लागली. पहिली ओळ वाचली, मान हलवली. दुसऱ्या ओळीपाशी, तोंडातला फोड किंवा पांढरा डाग, तिचं बोट थांबलं. ती माझ्या गालाकडे पाहायला लागली.

"थुका ते," ती म्हणाली, "अन् तोंड उघडा."

डॉक्टरांना मी दोन वर्षं चुकवलं होतं. तिला कुठे चुकवणार. खळखळून चूळ भरली, बाजेवर बसून आ केला. तिनं ओच्यातून आरसा काढला. उन्हाची तिरीप गालाच्या आत हिंडली आणि एका जागी ठरली.

"काऊन जी, हे पांढरं कवापासून हाय?"

"असतील चार-पाच बाजार," मी म्हणालो, आणि सवयीनं पुढे बोलून गेलो, "पण दुखत नाही काही."

तिनं आरसा मिटलेल्या मुठीत धरला. चेहरा क्षणभर चुलीपाशी होता तसा झाला, मग तिनं तो सारखा केला. वाळत आलेली पाटी उचलून माझ्या हातात दिली.

"जाऊनच राह्यले ना लावाले," ती म्हणाली, "तर लावून घरी येऊ नका. तिच्याच खाली उभे राहा. आज तुमचा नंबर पैला."